सहाचे बारा

आर्डिस येणार म्हणून मार्लिसनं सकाळीच स्वयंपाकघराची फरशी पुसून काढली, आणि पुसून झाल्यावर स्वतःवरच चिडली. नणंद काही फरशी बघायला येत नव्हती. ती तडक शेडमध्ये जाणार, ट्रॅक्टरपाशी वाकणार आणि काम संपलं की कॉफीला थांबायचं की नाही हे ऐनवेळी ठरवणार. सासरे हाल्व्हर म्हातारबा गेल्यापासून अठरा वर्षं ती या घरात फक्त नाताळच्या जेवणाला यायची, आणि तेही कोट हातात धरून बसल्यासारखी.

ऑर्लिन खिडकीपाशी बसून बायकोची ही लगबग बघत होता. उजवा हात मांडीवर पडला होता. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो असाच, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा.

"तूच फोन केलास ना तिला?" त्यानं विचारलं.

"मग कोण करणार? तू?"

"डावा हात चालतो माझा."

"चालतो की. पण आर्डिसला फोन करायला तो धडधाकट होता तेव्हाही कधी चालला नाही," मार्लिस म्हणाली आणि बादली घेऊन बाहेर गेली.

उद्या एल्सबर्ग गावाला सव्वाशे वर्षं पुरी होत होती. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे त्यांचा, टॉलेफ्सरूडांचा लाल फार्मॉल ट्रॅक्टर चालायचा, हा जवळजवळ गावचा रिवाजच झाला होता. हाल्व्हरनं तो एकोणपन्नास साली नवा घेतला होता. गेल्या वर्षी तो मिरवणुकीत बँकेसमोरच बंद पडला. इंजिन तापलेलं, सहा व्होल्टच्या बॅटरीत स्टार्टर फिरवायचं बळ उरलेलं नाही. ऑर्लिन खाली उतरला, पुढे गेला, हँडल घातलं आणि तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वर्षी तो हँडल मारू शकत नव्हता, आणि डॅरिन मारणार नव्हता.

डॅरिन त्याचा मुलगा. चौतिशीचा, शेती आता तोच बघायचा. गेल्या रविवारी जेवताना तो म्हणाला होता, "ट्रेलरवर चढवू आणि नेऊ, बाबा. लोकांना ट्रॅक्टर दिसल्याशी कारण."

"मेलेल्या बैलासारखा गाडीवर घालून मिरवायचा?"

"मग बारा व्होल्टवर घ्या. सगळं जग घेऊन मोकळं झालंय. आत्याकडे सामान पडलेलं असतं. आयुष्यभर तिनं दुसरं केलंय काय?"

ऑर्लिननं नेहमीसारखं "बाबांची वस्तू आहे तशी राहील" असं म्हणायला तोंड उघडलं, पण झटक्यानंतर शब्द कधी कधी मागे राहायचे. तो बोलायच्या आत मार्लिस फोनकडे गेली होती.

आर्डिस दहाला आली. निळ्या पिकअपमधून उतरली ती हातात खोकं घेऊनच. एकोणसाठ वर्षांची, ठेंगणी, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला. स्टार्टर-डायनामो दुरुस्तीच्या दुकानात अडतीस वर्षं काढलेली बाई. तिच्या बोटांच्या टोकांना एक कायमचा करडा रंग होता, तो चर्चला जाण्याआधी घासूनही निघायचा नाही.

"कसा आहेस?" तिनं भावाला विचारलं.

"अर्धा."

"अर्धा तर अर्धा. बोलतोस तरी," ती म्हणाली. "चल, खुर्ची घेऊन ये. नुसता बघायला बस."

शेडमध्ये गारवा होता. डॅरिननं मोठं दार सरकवलं आणि उजेडाची पट्टी थेट ट्रॅक्टरच्या नाकावर पडली. आर्डिसनं एक फेरी मारली, बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला, वायरी चाचपल्या.

"आधी बॅटरी सोडव," तिनं डॅरिनला सांगितलं. "लोकांना घाई असते. मग पाना मध्ये टेकतो आणि ठिणग्या उडाल्या की देव आठवतो."

"स्टार्टर बदलावा लागेल का, आत्या?"

"नाही रे. तोच राहू दे. बारा व्होल्टवर जरा धसमुसळेपणा करेल, पण त्याला फिरायचं असतं किती? दोन क्षण. कॉइल बदलायची. दिवे बदलायचे. आणि जुन्यात अर्थिंग उलटं असतं, बॅटरीचं अधिक टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेलं. ते सुलटं करायचं. मीटरच्या वायरी अदलाबदल. बाकी काय? डायनामो काढायचा आणि हा अल्टरनेटर बसवायचा. संध्याकाळपर्यंत हातावेगळं."

डायनामोचं नाव निघालं तसा ऑर्लिन खुर्चीत हलला. आर्डिसनं ते पाहिलं की नाही, कळलं नाही.

तासभर दोघांचं छान चाललं. आत्या पाना मागायची, भाचा द्यायचा. भाचा चुकीचा द्यायचा, आत्या "हा तुझ्या नाकाला लाव" म्हणून परत करायची. या दोघांचं असं जमेल असं ऑर्लिनला कधी वाटलं नव्हतं. बघता बघता त्याच्या मनात आलं, हे गेली तीस वर्षं दर उन्हाळ्यात झालं असतं. त्याला आडकाठी एकच होती, आणि ती आता खुर्चीत बसून कॉफी पीत होती.

मग आर्डिस डायनामोपाशी आली. फडक्यानं तिनं त्याची मागची झाकणी पुसली. पुसताना हात मंद झाला.

"सांभाळून हं, आत्या," डॅरिन म्हणाला. "तो साधासुधा नाही. बाबांनी सोळाव्या वर्षी स्वतः बांधलाय. जत्रेतल्या स्पर्धेत पहिला नंबर."

"ऐकलंय मी," आर्डिस म्हणाली.

"बक्षिसाची फीत अजून दिवाणखान्यात फ्रेममध्ये आहे."

"ती पण बघते मी. दर नाताळला. माझी खुर्ची नेमकी तिच्यासमोर असते."

ऑर्लिननं कप जमिनीवर ठेवला. डाव्या हातानं ठेवताना तो कलंडला आणि कॉफी मातीत पसरली. तेवढ्यात मार्लिस जेवण घेऊन आली: हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, रूबार्बच्या वड्या, बरणीत गार कॉफी. तिनं ते पिपावर मांडलं आणि डायनामोभोवती जमलेल्या दोघांना पाहून तिला जुना हुरूप आला.

"निघतोय का तो? अगं, याच्यामुळेच तर माझं लग्न झालं," ती आर्डिसला म्हणाली, जणू आर्डिसनं ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. "त्या संध्याकाळी नाच होता जत्रेत. चार मुलं मला विचारून गेली, मी कुणाला हो म्हटलं नाही. आणि हा आला, खिशाला निळी फीत. मनात म्हटलं, ज्याला असलं यंत्र उघडून परत जोडता येतं, त्याच्या हाती…"

"तो मी बांधला नाही," ऑर्लिन म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. त्याचं बोलणं हल्ली जड यायचं, म्हणून मार्लिसनं त्याच्याकडे वाकून विचारलं, "काय रे? पाणी हवंय?"

"डायनामो. मी बांधला नाही. आर्डिसनं बांधला." आता सुरू झालंच होतं, तर तो थांबला नाही. "बाबा डकोटाला गेले होते, काकांकडे, दोन आठवडे. इकडे डायनामो जळला. मी हातसुद्धा लावला नव्हता. ही रोज दूध काढून झालं की शेडमध्ये बसायची. वेटोळी सोडवली, पट्टी गुंडाळली, वार्निश दिलं, कार्बन घासून बसवले. चौदा वर्षांची होती. बाबा आले, ट्रॅक्टर चालू बघितला, न्याहारीला म्हणाले, 'कुणी केलं हे?' आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच बघितलं त्यांनी. मी नाही म्हटलं नाही."

"आणि आर्डिस?" मार्लिसनं विचारलं.

"मी दूध वाढत होते," आर्डिस म्हणाली.

मार्लिस पिपाच्या कडेला टेकली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग नणंदेकडे. पंचेचाळीस वर्षं ती ही गोष्ट शेजारणींना, सुनेला, चर्चच्या कॉफीवर आलेल्या परक्यांनाही सांगत आली होती. आर्डिस असतानासुद्धा. विशेषतः आर्डिस असताना.

"म्हणजे दरवेळी मी सांगायचे," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही दोघं ऐकून घ्यायचात. मजा वाटत असेल."

"मजा नाही वाटायची, मार्लिस," ऑर्लिन म्हणाला.

"मग एकदा तरी बोलायचं होतंस! नाचताना नाही, निदान लग्नानंतर. निदान ती फीत मी फ्रेम करून आणली तेव्हा." तिचा आवाज चिरकला. मग तिनं नाक पुसलं आणि ताठ झाली. "आणि तसंही, फीत बघून नाही नाचले मी. तुझा सदरा इस्त्रीचा होता. बाकीची पोरं चुरगळलेल्या सदऱ्यात आली होती."

आर्डिसनं सँडविच उचललं. "तोसुद्धा मीच केला होता," ती म्हणाली.

मार्लिसच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या मध्यावरच ती रडायला लागली. आर्डिसनं तिला हात लावला नाही, पण आपलं फडकं पुढे केलं. त्याला ग्रीस लागलेलं होतं. मार्लिसनं ते घेतलं.

डॅरिन इतका वेळ ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून उभा होता. त्यानं हिशोब हळूहळू केला, पण पूर्ण केला.

"बाबा," तो म्हणाला, "आत्यानं अठ्ठ्याऐंशीच्या पानगळीत फोनवर सांगितलं होतं ना, बारा व्होल्टवर घेऊन देते म्हणून? नाताळला पण परत बोलली होती. मी समोर होतो. तुम्ही म्हणालात, आजोबांची वस्तू आहे तशी राहील."

ऑर्लिननं नजर डायनामोकडे वळवली.

"आजोबांचा काही संबंध नव्हता. तिनं डायनामो उघडला असता, काही बोलली असती, म्हणून तुम्ही नको म्हणालात. हो ना?"

"तिनं उघडला असता तर मला समोर उभं राहावं लागलं असतं," ऑर्लिन म्हणाला. "तेवढं धैर्य नव्हतं."

डॅरिननं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. हे तो नकळत करायचा, घरात सगळ्यांना सवय झाली होती. एकोणनव्वदचा एप्रिल. फार्मॉलवर ऑगरची नळी लावून धान्य कोठारात चढवायचं होतं, पहाटेची थंडी, बॅटरीत दम नव्हता. ऑर्लिन म्हणाला होता, मार हँडल. इंजिन उलटं लागलं आणि हँडलनं मनगटाची दोन हाडं मोडली. पोरगा एकोणीस वर्षांचा होता, बेसबॉलचा चेंडू असा फेकायचा की तीन कॉलेजांची माणसं संघासाठी त्याला बघायला येऊन गेली होती. त्यातली दोघं मे महिन्यात पुन्हा यायची होती. ती आली नाहीत.

"मी एवढी वर्षं समजत होतो, हँडल मीच नीट धरलं नव्हतं," डॅरिन म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात तसं. दवाखान्यात. 'अंगठा हँडलखाली घ्यायचा असतो, किती वेळा सांगितलं.'"

"म्हणालो होतो."

"घेतला होता मी अंगठा खाली."

"माहीत आहे," ऑर्लिन म्हणाला. "मी बघत होतो."

डॅरिननं पाना पिपावर ठेवला, आपटला नाही, नीट ठेवला, आणि तो उजेडात बाहेर गेला. सोयाबीनच्या ओळींमधून तो लांब जात राहिला, ओढ्याच्या झाडीपर्यंत. मार्लिस थोडा वेळ दारात उभी राहून बघत होती. मग तीही घरात गेली. सँडविचांवर तिनं जाताना कापड घातलं.

भाऊ-बहीण राहिले. आर्डिसनं खाणं संपवलं, हात पुसले आणि कामाला लागली. डायनामोचे बोल्ट तिनं एकटीनं काढले. तो बाहेर येताना तिला जड गेला, पण ऑर्लिनला उठून आधार देता येईना.

"हे सांगायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला हवं होतं मी," तो म्हणाला. "एकाच दिवशी तिघांना दुखवलं."

"तिघांना नाही. मला तू आज काही नवीन सांगितलं नाहीस." तिनं कंस लावला, अल्टरनेटर टेकवला, डोळा मिटून बेल्टची रेघ बघितली आणि दोन वॉशर घातले. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बाबांना माहीत होतं, ऑर्लिन."

"काय?"

"जत्रेत परीक्षकानं तुला विचारलं होतं, आठवतंय? डायनामो बसवल्यावर पहिल्यांदा काय केलंस म्हणून."

त्याला आठवत होतं. त्या प्रश्नाची स्वप्नं पडायची त्याला. तो म्हणाला होता, "चालू केला." परीक्षक थांबून राहिला होता. आणि बाबा मागून म्हणाले होते, "बुजतो हो पोरगा. वायर टेकवून ठिणगी दिली त्यानं, मगच सुरू केला."

"नवा बांधलेला डायनामो तसाच सुरू करत नाहीत," आर्डिस म्हणाली. "आधी बॅटरीची वायर क्षणभर टेकवून त्याला दिशा द्यावी लागते. ज्यानं बांधला त्याला हे झोपेतही माहीत असणार. त्या संध्याकाळी मी गोठ्यात होते. बाबा आले, माझ्याजवळ स्टूल ओढलं. म्हणाले, 'कुठून कुठं टेकवलीस वायर?' मी सांगितलं. 'हं,' म्हणाले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, 'मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. त्याच्याकडे दुसरं काही नाही.'"

ऑर्लिनला वाटलं, उजव्या हातासारखंच आता सगळं अंग परकं होतंय. "मग जमीन? मला वाटायचं, त्यांना वाटलं मी हुशार, म्हणून… तुझ्या तोंडचं मी काढून घेतलं, असंच धरून चाललो मी."

"जमीन मी मागितली होती. सहासष्ट साली. सगळी नाही, उत्तरेचा तुकडा. बाबा म्हणाले, 'आर्डिस, तुला कुणीही कुठेही ठेवून घेईल. ऑर्लिनला शेताबाहेर कोण विचारणार?'" ती वायरीचं टोक सोलत होती. "मला यंत्रातलं कळायचं म्हणून मी गेले. तुला कळत नव्हतं म्हणून तू राहिलास. तू चोरी केलीस म्हणून नाही. चोरी केली नसतीस तरी हेच झालं असतं."

बाहेर कुठे तरी कावळा ओरडला. ऑर्लिनला राग आला, आणि तो कुणाचा हे समजेना. पंचेचाळीस वर्षं त्यानं एक अपराध जिवापाड सांभाळला होता. त्याच्यापायी बहिणीच्या नजरेला नजर दिली नव्हती, मुलाचं मनगट घालवलं होतं. आणि तो अपराध बापाला ठाऊक होता, बापानं तो एखाद्या लंगड्या वासरासारखा पदरात घेतला होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. "बाबा गेल्यावर तरी?"

आर्डिसचे हात थांबले. चष्मा तिनं खाली सोडला.

"बाबांना शब्द दिला होता, हे खरं. पण तेवढंच नाही. तुला ते खात होतं, मला दिसायचं. मी दारात आले की तू उठून लाकडं आणायला जायचास. मला बरं वाटायचं ते. जमीन गेली तर गेली, निदान याला झोप तरी नसेल, असं वाटायचं. मी एक वाक्य बोलले असते तर तू ट्रॅक्टर माझ्या हाती दिला असतास. त्या पोराच्या मनगटात माझाही वाटा आहे, ऑर्लिन. तुझ्या एकट्याचा नाही."

दोघांनी एकमेकांना माफ केलं, असं काही घडलं नाही. तसं कसं करतात हे त्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. आर्डिसनं नवी कॉइल बसवली, मीटरच्या वायरी बदलल्या, नवी बॅटरी उचलून ठेवली, उणे टोक अंगाला कसलं. मग म्हणाली, "चढ. चढता येईल?"

चढायला वेळ लागला. तिनं मागून खांदा दिला. सीटवर बसल्यावर त्यानं डाव्या हातानं किल्ली लावली आणि स्टार्टरचा दांडा ओढला. आयुष्यभर ओळखीचं ते कण्हणं, ते आता लागतोय, आता लागतोय, हे ऐकायची त्याच्या कानांची तयारी होती. ते आलंच नाही. स्टार्टर सपकन फिरला आणि दांडा सोडायच्या आत इंजिन चालू झालं.

"रेस कर एकदा!" आर्डिस ओरडली. "नाहीतर अल्टरनेटर जागा होत नाही."

त्यानं केलं. मीटरचा काटा उडून अधिककडे गेला आणि तिथं टिकला.

"इतकं सोपं होतं?" तो म्हणाला.

"सोळा वर्षांपूर्वीही इतकंच होतं," ती म्हणाली. "दुपारभराचं काम."

संध्याकाळी ती जेवायला थांबली नाही, पण उद्या येईन म्हणाली. डॅरिन ओढ्याकडून परत आला तो सरळ आपल्या घरी, रस्त्यापलीकडे गेला. त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला, बायकोची सावली हलली, मग पडदा ओढला गेला.

ऑर्लिन टेबलाशी बसला. मिरवणुकीत प्रत्येक ट्रॅक्टरची माहिती वाचून दाखवायला एक पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं असायचं. दर वर्षी तेच: हाल्व्हर टॉलेफ्सरूड यांचा फार्मॉल, निगा ठेवणार ऑर्लिन.

"लिहिशील?" त्यानं मार्लिसला विचारलं. "मला लिहिता येत नाही."

ती भांडी पुसत होती. पुसून झाल्यावर बसली, पेन घेतलं. "काय लिहू?"

"हाल्व्हर टॉलेफ्सरूड यांचा फार्मॉल. डायनामो बांधणी एकोणसाठ साली, आणि बारा व्होल्टवर बदल यंदा. दोन्ही कामं आर्डिस टॉलेफ्सरूड हिची."

पेन हललं नाही. "तिचं नाव कसं लिहितात?"

"माझ्या बहिणीचं नाव लिहिता येत नाही तुला?"

"येतं," मार्लिस म्हणाली. "तुझ्या तोंडून एक एक अक्षर ऐकायचं होतं."

त्यानं एक एक अक्षर सांगितलं. तिनं ठळक हातानं लिहिलं, आणि कार्ड मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं. मग दिवाणखान्यात गेली. ती फ्रेम काढते की काय, म्हणून त्यानं कान दिला, पण तिनं फक्त घड्याळाला किल्ली दिली.

शनिवारी ऊन चांगलं पडलं. शेजारच्या शेतावरच्या एर्लिंगनं ऑर्लिनला ट्रॅक्टरवर चढवलं. ट्रॅक्टर पहिल्या ओढीला लागला आणि एर्लिंग म्हणाला, "काय जादू केलीस रे!" ऑर्लिन म्हणाला, "आर्डिसनं केली." एर्लिंग हसला, त्याला तो विनय वाटला.

मुख्य रस्त्यावर दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. बँकेसमोर गवताच्या गाडीवर गावचा पशुवैद्य कर्णा घेऊन उभा होता, हातात कार्डांची चळत. त्याच्या पलीकडेच मार्लिस बसली होती आणि तिच्या शेजारी, स्वच्छ निळा सदरा घातलेली आर्डिस. तिसरी खुर्ची रिकामी होती. ती डॅरिनसाठी मांडलेली.

ऑर्लिननं गाडीसमोर येताना वेग कमी केला. पशुवैद्यानं वरचं कार्ड घेतलं, कर्णा तोंडाशी नेला. आणि नेमकं त्याच वेळी मागच्या बंबवाल्यांनी पोरांना मिठाई उधळायला सुरुवात केली आणि भोंगा दाबला. भोंगा वाजत राहिला, शाळेचा बँडही त्यात मिसळला. ऑर्लिनला पशुवैद्याचे ओठ हलताना दिसले. गर्दीतलं एकही डोकं वळलं नाही, पोरं मिठाईमागे धावत होती. आर्डिसनं कानाला हात लावून मार्लिसला काहीतरी विचारलं. मार्लिस तिच्याकडे झुकली आणि बराच वेळ तिच्या कानात बोलत राहिली. मागचा बँड जवळ येत होता, थांबता येत नव्हतं. मान वळवून तो जितकं बघू शकला तितकं त्यानं बघितलं. आर्डिस समोर रस्त्याकडे बघत होती, हात मांडीवर.

मिरवणूक चर्चच्या मैदानात संपली. मार्लिस पिकअप घेऊन आली, एकटीच.

"ती गेली?"

"गेली. मांजरांना खायला घालायचं म्हणाली."

"तू सांगितलंस तिला, कार्डवर काय होतं ते?"

"शब्दन् शब्द."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'बाबांनी हे वाचायला हवं होतं.' मग म्हणाली, 'ऑर्लिनला सांग, छान झालं.' पण आधी बाबांचं म्हणाली."

ऑर्लिननं मान हलवली. उन्हानं आणि हादऱ्यांनी तो थकला होता. पाय ठरला नाही आणि उतरताना तो एर्लिंगच्या अंगावरच कोसळला. घर चार मैलांवर होतं. ट्रॅक्टर न्यायचा कसा, याची चर्चा चालली असताना डॅरिनची गाडी मैदानात आली. तो उतरला. मिरवणूक त्यानं पाहिली होती की नाही, हे कुणी विचारलं नाही. आईला त्यानं मान लववली, एर्लिंगशी हवेबद्दल दोन शब्द बोलला. बापाच्या शेजारून तो हातभर अंतरानं गेला आणि ट्रॅक्टरवर चढला. दांडा ओढला. इंजिन लगेच लागलं. ते इतक्या चटकन लागल्यावर तो क्षणभर तसाच बसून राहिला, खाली बघत. मग गिअर टाकून निघाला.

मार्लिसनं ऑर्लिनला पिकअपमध्ये बसवलं. गावाबाहेर पडताच त्यांनी ट्रॅक्टरला गाठलं. दोन्ही बाजूंना मका गुडघाभर उंच, रस्ता सरळ आणि मोकळा, आणि पुढे डॅरिनची पाठ. तो मागे वळून बघत नव्हता. मार्लिसनं डावीकडे डोकावून पाहिलं. समोरून कुणी येत नव्हतं.

"पुढे काढू गाडी?" तिनं विचारलं. "या वेगानं घर यायला अर्धा तास लागेल."

"नको," ऑर्लिन म्हणाला. "मागेच राहू."